समुद्रसपाटीपासून

बोस्त्यांवनं टाकी अर्ध्या किमतीत दिली,
वर झाकण, दिवे, तळाशी तीन बोटं रेती.
एवढंच म्हणाला, मासे भाच्याकडे गेले.
भाचा कुठं असतो ते मी विचारलं नाही.
चोर्ल्याच्या घाटात टेम्पो वळला की
रिकाम्या काचेत काहीतरी सरकायचं.
ईरण्णा टाकीला मिठी मारून बसलेला.

शहापुरात जिन्यातून वर चढवताना
रेणुका म्हणाली, "काय आणलासा हो हे?
वास बघा की, वास्कोचा."

होताच.
झाकणाच्या बिजागरीत, नळीच्या तोंडाशी,
स्क्रूच्या आट्यांतसुद्धा
मिठाला पांढरे तुरे फुटले होते.
काचेवर जांभळं कीट.
व्हिनेगरची बाटली संपली,
मग लोणच्याची लिंबं संपली,
मग ब्लेड.

रेती टाकून द्यावी लागली.
उद्यमबागेत एकोणीस वर्षं मी साच्याची रेती चाळतो,
रेती फेकताना हात अडतो माझा.
ही मात्र पोवळ्यांची, शिंपल्यांची,
मुठीत घेतली की हाडांचा भुगा.
हळूहळू विरघळते म्हणे, पाणी जड करते.
चाळणीत एक शिंपलं उरलं,
दोन्ही दारं मिटलेलं.
उघडून बघितलं नाही.

पहिलं पाणी दिवसभर ठेवलं,
बोट बुडवून जिभेला लावलं. खारं.
दुसरं, खारं.
तिसरं मला काहीच लागलं नाही.
ईरण्णानं चाखलं, मोरीत थुंकला,
"इन्ना उप्प ऐतरी."
त्याची जीभ माझ्यापेक्षा बरी.
चौथं.
राकसकोपचं पाणी, नळाला वारानं येणारं,
बादल्या मोजून भरलेलं,
मी मोरीत ओतत होतो
आणि रेणुका दारात उभी राहून
काही बोलत नव्हती.
पाचव्याला त्यानं मान हलवली. "सिही."
गोडं, मी म्हणालो.
साखर कुणीच घातली नव्हती,
दोघांच्याही भाषेत पाणी गोडच झालं.

मग महिनाभर नुसतं पाणी फिरत ठेवलं.
खालची पोरं येऊन काचेला नाक लावायची,
मासे कुठायत?
डोळ्यांना दिसत नाही ते आधी वाढू दे, म्हटलं,
तर हसून पळाली.

बोस्त्यांवनं एक गोष्ट उशिरा सांगितली, फोनवर.
शेवटी शेवटी मासे आजारी होते,
तांब्याचं औषध घातलं होतं.
जोडांतल्या सिलिकॉननं ते पिऊन ठेवलं असलं
तर थेंबाथेंबानं परत सोडत राहील.
माशाच्या आधी ते गोगलगाईला कळतं.
येळ्ळूरच्या भातातनं एक उचलून आणली,
हे बरं नव्हे हे ठाऊक असून.
रात्री दोनदा उठलो, बॅटरी मारून बघितलं.
तळाशी, मिटलेली.
दुसऱ्या दिवशीही.
फौंड्रीत त्या दिवशी एक साचा चुकवला मी,
सुपरवायझर बोलला ते ऐकून घेतलं.

तिसऱ्या पहाटे ती काचेवर होती.
सगळं अंग बाहेर काढून
चढत चढत त्या रेघेपाशी आली
जी लिंबानं गेली नाही, ब्लेडनं गेली नाही,
जुन्या पाण्याची उंची.
आपल्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर असतं ना,
समुद्रसपाटीपासून इतके मीटर,
तो आकडा मला कधी पाठ झाला नाही.
आमच्या घरात समुद्र
काठाच्या चार बोटं खाली होता.
नवं पाणी मी दोन बोटं वर भरलंय.
ती तिथं थांबली, शिंगं आत घेतली,
आणि गेली पुढं.

बोस्त्यांवला हेच सांगायला फोन लावला.
विचारलं भलतंच,
भाचा राहतो कुठं तुमचा?
बराच वेळ तिकडून
नुसता पंखा ऐकू येत राहिला.