टोप

शेडकार्डाच्या सातव्या पानावर, खालून तिसरी पट्टी.
टी, ए, यू, पी, ई.
मी वाचलं, तौपे.
धरमपेठेतल्या बाई हसल्या नाहीत,
फक्त म्हणाल्या, टोप.
मधली दोन अक्षरं मिळून ओ होतो,
शेवटचं असतं, पण बोलत नाही.

सक्करदऱ्याच्या दुकानात मशीन माझ्या हाताखाली.
पांढरा बेस, काळ्याचे अकरा थेंब,
गेरूचे चार, लालाचा एक, तोही अर्धामुर्धा.
मग डबा दोन मिनिटं थरथरत राहतो
हिवताप भरल्यासारखा.

झाकणावर बोटानं ठिपका दिला.
राखाडी म्हणावं तर मागून तपकिरी डोकावते,
तपकिरी म्हणावं तर वरून राख सांडते.
हेडाऊ पेंटर म्हणाला,
"हे तं तळ्यातून निंघालेली म्हैस होय बाप्पा,
अर्धी वाळलेली."
लखवानी शेठनी बिल केलं : टोप, वीस लिटर.
मुनीम दापोलीकडचे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
आपण भातासाठी भांडी कधीपासून विकतो?
आमच्याकडे त्या भांड्याला गंज म्हणतात.
आणि गंज हा शेडकार्डावर वेगळाच रंग,
पान चार, लोखंडाच्या कडेचा.

बसमध्ये मोबाइलवर अर्थ शोधला.
फ्रान्सकडचा एक प्राणी, चिचुंद्रीच्या तोंडवळ्याचा,
जमिनीखाली राहतो,
डोळे आहेत, असून नसल्यासारखे.
त्याच्या कातड्याचा हा रंग.
इंग्रजीनं रंग उचलून आणला,
प्राणी तिकडेच ठेवला.
नंतर ज्याला जसा हवा तसा वाकवला :
चपलांचा टोप, पडद्यांचा, नेलपॉलिशचा,
कुणाचा गुलाबीकडे कललेला, कुणाचा वांग्याकडे.
तीन कंपन्यांचे तीन टोप माझ्याच रॅकवर आहेत,
एकमेकांना ओळख देत नाहीत.

टांडापेठेत घरी
बाबा पलंगावर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ऑपरेशन दिवाळीनंतर.
समोर, जिथं माग होता तिथं, कपाट.
खाली खड्डा होता, आता सिमेंट भरलंय.
चाळीस वर्षं बाबांचे पाय
त्या खड्ड्यात, जमिनीखाली होते.

"आज कोन्ता रंग केला?"
हा रोजचा प्रश्न. मी सांगितलं, जमेल तसं.
"ताणा काळा होय का?"
नाही, करडा.
"अन् बाणा?"
पेंटला कुठला बाणा, बाबा.
"सांग नं."
सुपारीसारखा. भाजलेल्या.

त्यांनी उजवा हात हवेत मारला,
डाव्यानं झेलला
नसलेला धोटा.
"मंग तो एक रंग नोहे.
दोघं हायेत ते.
एकामेकाले सोडून नाही राहिले."
थोड्या वेळानं, भिंतीकडे तोंड करून :
"कळमेश्वरच्या एका बाईनं मांगतलं होतं तसं लुगडं.
कोनाले आवडलं नोतं. तिले आवडलं.
मंग आमी त्याले कळमेश्वरीच म्हनत होतो.
सूत आनाले गेलो की सांगायचं, कळमेश्वरीचं दे,
तो बरोबर दोन पुडे काढे."

आता तो सूतवाला नाही.
त्याच्या जागी मोमोजचा गाडा लागतो.

चार दिवसांनी धरमपेठेतून फोन.
कार्डावर होता तसा नाही वाटत भिंतीवर,
सकाळी राख, संध्याकाळी तर जांभळाच.
मी म्हटलं, मॅडम, दिवा बदलून बघा.
(बाबा असते तर विचारलं असतं,
भिंतीची उभी बाजू कोणती?)
आणखी दहा लिटर हवा आहे म्हणाल्या, जिन्यासाठी.

अकरा, चार, एक.
डबा थरथरला, थांबला.
झाकणावर ठिपका दिला
आणि मार्करनं, कोड लिहायच्या जागी,
लिहिलं : कळमेश्वरी.

शेठनी डबा फिरवून पाहिला.
ये कौन सी कंपनी का शेड है?

बंद पडली, म्हटलं, ती कंपनी.