अक्षरामागे पाच सेदी

ताकोराडीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत
एकोव ब्रू पाट्या रंगवायचा
आणि मी त्याचे ब्रश धुवायचो.

आमच्याकडे माणसाचं नाव शोधावं लागत नाही,
मूल वार घेऊनच येतं: सोमवारचा मी जोजो,
गुरुवारचा तो एकोव.
दुकानाला वार नसतो.
म्हणून लोक यायचे, टोपी हातात धरून,
जणू घरी पाळण्यात दुकान रडतंय.

अक्षरामागे पाच सेदी. मोकळी जागा फुकट.
बर्फातली मासळी विकणाऱ्या मिसेस आयडूंना हवं होतं
‘देवाची वेळ हीच खरी वेळ, कोल्ड स्टोअर’.
त्यानं बोटांवर मोजलं, त्यांनी पर्समध्ये मोजलं,
पाटीवर उरलं शेवटी: ‘वेळ’.
शवपेट्या करणाऱ्या सुताराला त्यानं दिलं ‘घाई नाही’.
नाव ठेवायचे पैसे घ्यायचा,
नावं ठेवायचा फुकट,
गल्लीतल्या प्रत्येक पाटीला, आपली सोडून.

परीक्षा एकच.
मला केनकीवालीच्या चुलीपाशी पाठमोरा उभा करायचा
आणि दारातून ओरडायचा.
मी वळलो तर नाव पास.
मी ‘राजेशाही केशभूषा’ झालोय, ‘अटलांटिक बॅटरी’,
एकदा दोन दिवस अख्खी शाळा होतो.

मग आली अराबा, रेडिओची नाटकं लिहिणारी.
तिला खलनायक हवा होता,
पण फान्टे नको, न्झेमा नको, एवे नको, गा तर मुळीच नको;
मागच्या वेळी कुणाचे तरी तीन चुलते
स्टेशनच्या फाटकाशी येऊन बसले होते.
त्यानं फळीकडे पाहिलं.
टर्पेंटाइनचा डबा. सार्डिनचा डबा.
एकाचं डोकं, दुसऱ्याचं शेपूट:
‘तार्दिन.’
‘आणि त्याचा देश?’
‘आधी नदी सांग.
नदीशिवाय देशाचं नाव तोंडात कोरडं राहतं.’
नदी तिच्याकडे नव्हती. देश राहिला उधारीवर.

मी चुलीपाशी गेलो.
‘तार्दिन! ए तार्दिन!’
वळलो.

हार्मटनची धूळ आली, बसली, झाडून झाली.
रेडिओवर तार्दिननं दोन विधवांना लुबाडलं,
सरकारी पूल विकला,
एका शुक्रवारी रात्री मेला.

त्यानंतर एक माणूस आला, कोपरापर्यंत ग्रीस.
पंक्चरच्या दुकानाला पाटी हवी म्हणाला.
नाव?
‘माझंच. तार्दिन.’

ब्रशमधून निळा थेंब माझ्या पायावर पडला.

सीमेपलीकडून ट्रक घेऊन आला होता तो,
डिझेलपुरता थांबलेला.
‘कुणीतरी हाक मारली मला.
चार वर्षांत नावानं कुणी बोलावलं नव्हतं,
ए ड्रायव्हर, ए परक्या, एवढंच.
खाली उतरलो. एक पोरगा वळून बघत होता, बाकी कुणी नाही.
म्हटलं, या गावाला मी माहीत आहे,
तर थांबून बघू.’

आम्ही डब्यांचं काही बोललो नाही.
रेडिओचं त्याला कळलंच होतं.
गिऱ्हाइकं हसतात, म्हणाला, पण येतात.
एकोवनं अक्षरं मोजली, पैसे पुरते घेतले,
रंगाचा मात्र तिसरा हात दिला,
जो तो कुणालाच देत नसे.

आता ब्रश माझे आहेत, धुणारा दुसरा.
रस्त्यात कुणी कुणालाही हाक मारली
की मी वळतो. बहुतेकदा चुकतो.

परवा अराबा भेटली.
नदीचं काय झालं, विचारलं.
म्हणाली, रोज एक नाव घेऊन हाक मारते.
अजून वळली नाही.