दहा यार्ड

तिसऱ्या गेटजवळ, कुंद्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर
रात्री दहा ते सहा
मी एका संघाचा इतिहास टाइप करते.
डनमोर हेरन्स.
हेरन म्हणजे बगळा, हे मी माझं मी शोधलं,
तेवढं सोडून बाकी सगळं पगारी.

स्थापना एकोणीसशे एकतीस.
पहिल्या हंगामात जिंकले दोन, हरले नऊ, बरोबरी एक.
पुढच्या साली बरोबरीसुद्धा नाही.
तेहतीसचं पान वाळवीनं नेलं,
तिथं 'उपलब्ध नाही' लिहायचं असतं.
सर्वांत लांब धाव : अठ्ठ्याण्णव यार्ड, एम. कोवाल्चिक,
चिखल, नोव्हेंबर, प्रेक्षक चार हजार अकरा.
(हे अकरा कुणी मोजले असतील?)

खेळ मी बघितलेला नाही.
इराण्णा हुक्केरीनं मधल्या सुट्टीत
टेबलावर शेंगांची टरफलं मांडली.
डाव चार. पुढं सरकायचं दहा यार्ड.
सरकलं तर आणखी चार,
नाही तर चेंडू समोरच्याचा.
"इष्टे," म्हणाला, आणि चेंडू खाऊन टाकला.

सकाळी अनगोळला घरी आले की
आप्पा चहा गाळत असतात.
अडतीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली त्यांनी.
नकाशा साहेबाचा, काटेरी बांध आप्पांचा.
सहज म्हणून सांगितलं :
कधी कधी नजरेनं ठरत नाही हो,
तेव्हा मैदानात साखळी आणतात.

कप बशीवर टेकलाच नाही.
"साखळी? खरी?"
खरी. दोन काठ्या, दोन माणसं.
"किती फुटी?"
तीस.
"बारकी हाय. आमची तेहतीस, सोळा आण्यांची."
मग बराच वेळ काही नाही.
मग : "उन्हात वाढती गं साखळी.
म्हाईत हाय काय त्यास्नी?"

एकाहत्तरच्या मार्चात
मालकानं रातोरात अकरा ट्रक भरले
आणि हेरन्स सोळाशे मैलांवर नेले,
असल्या कोरड्या शहरात की बगळा उतरावा कशाला.
नाव तेच. टोपीवरचं चित्र तेच.
आता वरून निरोप आलाय :
आधीच्या चाळीस वर्षांच्या नोंदी नव्या शहराच्या नावावर चढवा.
कोवाल्चिकचे अठ्ठ्याण्णव यार्डसुद्धा,
आणि तो तर अठ्ठावन्नलाच गेला,
डनमोरच्या दवाखान्यात, डनमोरचा पाऊस ऐकत असेल.

आप्पा म्हणाले, "त्यांचा संघ गेला, गाव ऱ्हायलं.
आमचं उलटं झालं.
छप्पन साली मी धा वर्साचा.
म्हस हितंच, चूल हितंच, बांध हितंच,
उताऱ्यावरची अक्षरं तेवढी गोल झाली."
रागानं नाही म्हणाले. गोल अक्षरं त्यांना छान येतात,
सही अजून त्यातच करतात, पेन्शन त्यातच येते.

त्या रात्री चाळीस ओळी मी चढवल्या.
सांगितल्याप्रमाणे.
फक्त शेवटी एक रकाना असतो, शेऱ्याचा,
कुणी भरत नाही, कुणी वाचत नाही.
तिथं कोवाल्चिकच्या ओळीला लिहिलं :
'मैदान डनमोरमध्ये. अजून तिथंच आहे.'
असेल, नसेल, मला काय ठाऊक.
फर्नांडिस मॅडमनी खोडलं तर खोडलं.

हल्ली आप्पा रोज विचारतात, आज काय लागलं.
काल एकोणपन्नासची अंतिम लढत लागली होती.
चौथा डाव, शेवटचं मिनिट, साखळी आत.
"पोचला चेंडू?"
नाही. एका वितीनं कमी.
"साखळी कुणी धरली हुती?"
मी कागद खालपासून वरपर्यंत बघितला होता.
पंचाचं नाव आहे, मालकाचं आहे, बँड वाजवणाऱ्यांचं आहे.
साखळीवाल्यांचं नाही.

"नसतंयच," आप्पा म्हणाले,
आणि उरलेला चहा
माझ्या कपात ओतला.