पुठ्ठा

हत्तुरे मॅडमनी कागदावर चौकोन काढले, वर्तुळं काढली.
चौकोन पुरुष, वर्तुळ बाई.
नायनांचा चौकोन काळा केला, वर तिरपी रेघ मारली.
पोचम्मा अत्ताचं वर्तुळ काळं. रेघ.
अंबादासचा चौकोन काळा,
पण रेघेविना. त्याची केमो चालू आहे.
माझं वर्तुळ कोरं.

नायना गेले तेव्हा सगळी साखर पेठ विचारायची,
खायचे काय हो?
अम्मा सांगायची :
रात्रपाळी सुटली की मटण, तर्री बोटभर,
सुट्टीच्या दिवशीही भाजी ताटाच्या कडेला तशीच,
पाण्याच्या जागी चहा.
सांगताना मान खाली,
जणू त्यांच्या ताटात तिनंच काही कालवलं होतं.

अंबादासनं तेराव्यालाच मटण सोडलं.
मेथी, काकडी, ज्वारीची भाकरी,
बेचाळिसाव्या वर्षापर्यंत.
त्याला कुणी विचारलं नाही, खायचास काय.
म्हणाले, नशीब.

मी मॅडमना विचारलं, मग खाणं की रक्त?
त्या म्हणाल्या, घरी माग आहेत ना?
चार होते. दोन विकले.
पेशी स्वतःची नक्कल उतरवते, त्या म्हणाल्या,
तेव्हा सुटलेला धागा सांधणारा एक जण असतो आत.
तुमच्या घरात काही जण
त्याचा एकच हात घेऊन जन्मतात.
तो हात कधी थकेल,
ते थोडं ताटावर आहे,
थोडं कशावरच नाही.

हे मला कळलं.
जकार्डच्या पुठ्ठ्यात एक भोक चुकलं
की मोराचा डोळा दर चादरीत गळतो.
पण सूत किती तुटेल ते पुठ्ठा सांगत नाही.
मेमध्ये हवा कोरडी पडते, जास्त तुटतं.
खळ कमी पडली, जास्त तुटतं.
पुठ्ठा तोच.

म्हणजे भाकरी खाऊ?
खा. आणि तपासणीलाही या.
एकीच्या बदली दुसरी चालत नाही.

रक्ताचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी येणार.
कॅमेऱ्याची तपासणी उद्या.
आज रात्री मी ते औषधाचं पाणी पितेय,
खारट, बुळबुळीत, ग्लासामागून ग्लास,
भिंतीपलीकडे गुंटूकांचे माग खटखटताहेत.
अम्मा जागी.
उद्या दुपारी काय खाशील? तिनं विचारलं.

भाकरी, म्हटलं.
मग म्हटलं, आणि थोडंसं मटण.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग अंधारातच
मसाल्याचा डबा शोधू लागली.