इंच

पाठकोऱ्या बिलावर मी लिहिलं:
गोंदणारा पाहिजे.
डाव्या हाताला, आतल्या अंगानं,
मनगटापासून कोपराकडं नऊ इंच.
इंचाची रेघ मोठी, अर्ध्याची मध्यम, पावाची बारीक.
फूल नको. नाव नको. देव नको.
इंच म्हणजे इंचच पाहिजे.
ज्याला जमेल त्यानं दर कळवावा.
रत्नमाला घुगे, लेडीज टेलर, स्टेशन रोड, सेलू.

भाच्यानं फोटो काढला.
खरंच सोडू का आत्या, दहा ग्रुपांत?
सोड म्हणलं.
सव्वीस वर्षं टेप गळ्यात घालून बसते,
तरी दिवसातून दहादा विचारते, टेप कुठंय.
शिवाय टेप वाढतो.
हे कुणी गिऱ्हाइकाला सांगत नाही.
पाथरीच्या नवरीचं माप जुन्या टेपनं घेतलं,
कापड बेतलं नव्यानं,
हळदीच्या दिवशी हुक लागेनात.
तिची आई दारात उभी राहिली, बोलली काहीच नाही.

तिसऱ्या दिवसापासून फोन.
औरंगाबादच्या पोरानं सिंहाचा जबडा पाठवला:
टेप जबड्यातून काढू मॅडम, थ्रीडी.
नांदेडचा म्हणला, इंचाला हजार,
सुईदोरा वरून फुकट.
लातूरच्या मुलीनं लाडानं विचारलं,
यामागची तुमची स्टोरी काय?
म्हणलं, बाई, टेप सापडत नाही.
तिला तेवढं पुरेना.
शेजारची मेंदीवाली म्हणली, मीच काढते,
आठ दिवसांत जाईल,
तवर मापं उरकून घ्या.
एकानं नाव सांगितलं नाही. म्हणला, ह्या वयात?
त्याचा दर काही कळला नाही.

मग वसमतहून गफार काटेवाले.
वजनकाटे दुरुस्त करतात,
जत्रेच्या दिवसांत गोंदतात.
त्यांनी दराचं काढलंच नाही.
"हात सरळ धरून नऊ इंच, का वाकवून?"
मी गप्प.
"तळवा वर, का खाली?"
फोन खांद्यात दाबून
मी मशीनवर बसल्या बसल्या हात फिरवून पाहिला.
कातडं हाडावरून सरकत होतं,
अस्तर न लावलेल्या कापडासारखं.
"ताई, लोखंडाचं वजन झिजतंय,
म्हणून शिक्का मारून घ्यावा लागतो.
ह्याला शिक्का कोण देणार?"
मग होत नाही म्हणा, मी म्हणलं. जरा तोडूनच.
"नऊ होत नाहीत," ते म्हणले.
"एक होईल."

मंगळवारी, दुकान बंद असतं तेव्हा,
पूर्णेला गाडी बदलून आले.
पिशवीत मशीन, स्टीलची पट्टी, घड्याळजीचं भिंग
आणि बाही लांब झालेला एक सदरा.
दंड बघितला नाही, मनगट बघितलं नाही.
"कात्री धरा," म्हणले,
"कामात धरता तशी."
धरली.
उजव्या तर्जनीचं खालचं पेर वर आलं,
कातडं ताणून, पळायला जागा नसलेलं.
तिथं पट्टी लावली, काढली, परत लावली.
चहा गार झाला.
मग दोन टिपके.
पहिला दुखला. दुसरा जास्त.
मधे काहीच नाही.

पैसे विचारले तर सदरा पुढं केला.
बाही मी बोटानंच मोजली,
पेर टेकवत, उचलत, टेकवत,
सुरवंट चालतो तशी.
दोन्ही बाह्या सारख्या आल्या.
त्यांनी घालून बघितला, हात वर केले, खाली केले,
आणि गाडीची वेळ झाली म्हणले.

खपली गेल्यावर मी पट्टी लावून पाहिली.
एक सूत कमी.
लगेच फोन केला.
ते हसले नाहीत, वरमले पण नाहीत.
"कमी आहे ना? जास्त नाही ना?
मग तेवढं ध्यानात ठेवा."

तेव्हापासून दर इंचाला
मी एक सूत मनातलं घालते.
पोरीबाळींचे ब्लाऊज बसतात.
टेप काल फ्रीजवर सापडला.