बर्फ फिरवला का?

मे महिन्यात माझ्या टेबलावर
एकाच रोगाचे पेशंट येतात.
मिक्सर घुमतो, भांड्यातलं पातं हलत नाही.
उलटं करून पाहावं तर
खालच्या कपलरचे दात गेलेले,
बोटांना रबराचा काळा भुगा.

मी विचारतो, बर्फ फिरवला का?
ना बाप्पा, म्हणतात हेडाऊ वहिनी,
शेंगदाण्याचा कूट करून राहिली होती.
पौनीकर मास्तर म्हणतात, खोबरं.
एक पोरगा म्हणाला, हळद,
आणि त्याच्या जेमतेम फुटलेल्या मिशीवर
कॉफीचा फेस वाळून बसला होता.

इतवारीतलं माझं साडेचार फुटांचं दुकान.
पाठीला कूलर, तोंडाला झळ.
नवतपा लागलेला,
रस्त्यावरचं डांबर चप्पल धरून ठेवतं,
सोडत नाही, जुन्या उधारीवाल्यासारखं.
अशा दिवसांत लोक खोटं बोलतात
तर बोलू द्यावं.
कपलरचे पंचेचाळीस, मजुरीचे वीस.

परवा भर दुपारी एक थैली आली.
आणणारी बेबीनंदा, माझीच बायको,
तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये कांदा.
मिक्सर टेबलावर ठेवला
परक्या गिऱ्हाइकासारखा,
आणि कॅलेंडर वाचत उभी राहिली.
मी भांडं उलटं केलं. दात गेलेले, सगळेच.
गास्केटच्या खाचेत नखाएवढा तपकिरी थर.
हुंगला.
चिकोरी. साखर. दूध.

बर्फ फिरवला का?
चटणी, ती म्हणाली. जवसाची.

दोघंही हसलो नाही.
मी रात्री नवाला घरी पोचतो
तेव्हा ओटा कोरडा असतो, भांडी पालथी.
दुपारी तीनला, छताचे पत्रे तापून
टकटक वाजतात त्या वेळी,
ही आणि पोरगी काय करतात
मी कधी विचारलं नव्हतं.
दुकान बंद करताना खिशात दोन कपलर टाकले,
एक लावायला,
एक पुढच्या खोट्यासाठी.

जेवण झाल्यावर आचलला म्हटलं,
पाण्याचा बर्फ काऊन टाकता तुम्ही?
अर्ध्या गिलासात पाणचट होते.
कॉफीच कडक काढ, साखर घाल, निवू दे,
आणि तीच जमव ट्रेमध्ये.
साखरेचा बर्फ मवाळ असतो, दगड होत नाही.
भांड्यात आधी दूध, पाती बुडतील एवढं.
तुकडे वरून,
फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडलेले.
आणि बटण दाबून धरायचं नाही.
टिचकी, सोड.
टिचकी, सोड.
मोटारीला श्वास घेऊ द्यायचा.

पोरगी आईकडे पाहत होती.
आई पोळ्यांचा डबा पुसत होती,
आधीच पुसलेला.

दुसऱ्या रात्री साडेदहा.
भिंतीला हात लावला तरी चटका.
ट्रे उपडा केला, काळेभोर चौकोन,
आचलने एक आधीच तोंडात टाकला.
पहिल्या टिचकीला खडखड,
दुसऱ्या-तिसऱ्याला घरघर,
मग तो जाड, ओला आवाज,
जो मी एकतीस वर्षं
फक्त बिघाडावरून ओळखत आलो.
चौथी टिचकी
आणि लाइट गेली.

कूलरच्या पंख्याने हळूहळू अंग टाकलं.
अख्ख्या गल्लीतून एकच सुस्कारा.
भांड्यात अर्धं काम,
खाली साय, वर खडे.

मग काय करता?
भांडं उचललं, तीन चमचे घेतले,
गच्चीवर गेलो.
सतरंजीवर पाणी शिंपडलं, ते बसेस्तोवर वाळलं.
खडे कडू होते, साय गोड,
आणि टाळू इतकी बधिर झाली
की थोडा वेळ कोणीच बोललं नाही.
बेबीनंदाने तळ खरवडला,
पात्यांना चमचा लागू न देता,
सराईत हाताने.
किती उन्हाळ्यांचा हात होता तो?

शेजारच्या गच्चीवर खाट करकरली.
अंधारातून हेडाऊ वहिनी,
काय खाऊन राहिले जी एवढ्या रात्री?

चटणी, मी म्हणालो,
आणि नेमका तेव्हाच दाताखाली
बर्फ कडकन फुटला.