डावा पाय

लारिसाच्या बाजारात अजून सांगतात,
आर्खिप्पानं चंद्र खाली ओढला
आणि बदल्यात पोरीचा पाय दिला.
ती पोर मी.
तो पाय हा. बघा हवं तर,
टाच आत वळलेली, बोटं एकावर एक,
थंडीत मुळ्यासारखा पांढरा.

आमच्या बोलीत चंद्र म्हणजे बाई.
बाईला बाईच खाली बोलावू शकते म्हणतात,
पण फुकट नाही:
डोळा तरी जातो, लेकरू तरी जातं.
आईचे दोन्ही डोळे शाबूत होते,
तेव्हा हिशेब माझ्यापाशी येऊन थांबला.

खरं सांगू?
पेइथोलासचं खेचर होतं, धान्यानं लादलेलं,
पेनेओसच्या उतारावर घसरलं.
मी तीन वर्षांची, खाली खडे वेचत होते.
एवढंच. ना मंत्र, ना काळी मेंढी.
आईनं पाय पाल्यात बांधला,
अकरा रात्री मांडीवर घेऊन बसली,
आणि बाराव्या दिवशी
पेइथोलासची बायको दाराशी कुजबुजली,
"चंद्राला दिलास ना गं?"
खेचराचा मालक तिचा नवरा.
आई तिच्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "हो."

त्या एका 'हो'वर आम्ही वीस वर्षं जेवलो.
जव, कांदे, एकदा अख्खा बोकड.
बायका अंधारात यायच्या, डोकं झाकून,
शिशाचा पत्रा पुढे करायच्या,
सवतीचं नाव कोर म्हणायच्या, धाकट्या दिराचं कोर,
एक तर स्वतःचंच नाव घेऊन आली होती.
आई खिळ्यानं कोरायची. अक्षरं तिला येत नव्हती;
नुसत्या रेघा, पाखरांच्या पायांसारख्या.
शाप लागायचे तरी.
मला उंबऱ्यावर बसवायची,
पाय उन्हात, दिसेल असा.
दुकानाची पाटी होते मी.

मग ते ग्रहण. कापणीच्या आधलं.
सगळं गाव छपरांवर,
परातीवर पळी, ढालीवर दगड,
आर्खिप्पा, सोड तिला! सोड तिला!
आणि आर्खिप्पा घरात
कोमट तेलानं माझी टाच चोळत होती.
वर बघितलंही नाही तिनं.
आवाज वाढला तेव्हा उठली,
आमचं पोचे पडलेलं काशाचं पातेलं घेतलं,
शाल कपाळापर्यंत ओढून गर्दीत शिरली
आणि सगळ्यांत जोरात बडवलं,
घशाच्या शिरा ताणून ओरडली,
आर्खिप्पा, सोड तिला!
परत आली तेव्हा हसू आवरत नव्हतं,
मग एकदम आवरलं.
सकाळी दाराशी जवाच्या सात टोपल्या.

मी विचारलं नाही कधी.
वीस वर्षं ओठांशी होतं:
माझा पाय तू तिच्या नावावर का मांडलास?
खेचराच्या नावावर राहिला असता
तर मी नुसती लंगडी असते,
कुणी केलंही असतं लग्न, कदाचित.
उत्तर मला ठाऊक होतं.
नुसत्या लंगडीच्या आईला कोण जव देतं?

ती गेली त्या हिवाळ्यात
मी काथवटीत पाणी भरून ठेवलं होतं.
रात्री उठले तर ती आत.
अख्खी. काठाला टेकून, थोडी थरथरत,
लांबून चालत आलेल्या पाहुणीसारखी.
मी तिच्यात पाय बुडवला. डावा.
गार लागलं. बाकी काही नाही.
मग काथवट उचलली, लंगडत दारापर्यंत नेली
आणि पाणी सोडून दिलं.

समोरच्या घरातून कुणीतरी बघत होतं.
दुसऱ्या दिवशी विहिरीवर म्हणाल्या,
पोरीलाही येतं वाटतं.
मी घडा भरत होते.
म्हटलं, हो.